सुलटा हात, उलटा हात

निघण्याआधी तीन दिवस दाढी करू नका. गालावरून बोट फिरवलं की खुंट टोचले पाहिजेत. दाढी तुम्हाला येतच नसेल, तर आजच्या सकाळपुरती ती आहे असं धरून चला. तिथे जे ऐकायला मिळणार आहे ते दाढीपुरतं नाही. घड्याळ आणि फोन घरी ठेवा. डोक्याला एखादं मुंडासं गुंडाळा. जिथे जायचंय तिथे उघड्या डोक्याने रस्त्यावर दिसणाऱ्या माणसाकडे लोक वळून बघतात आणि घरात कुणी गेलं का, असं विचारतात.

तारीख २३ नोव्हेंबर १८९०, वार रविवार. जागा मुंबईतलं परळ.

तुम्ही पोचता तेव्हा उजाडून घटकाभर झाली आहे. कार्तिकातली सकाळ, उपरणं अंगावर ओढून घ्यावं इतपत गारवा. वर बघा. गिरण्यांची धुराडी उभी आहेत, पण धूर नाही. चाळींच्या दारांत पुरुषमाणसं बसली आहेत. कुणी धोतर पिळतोय, कुणी पोराला मांडीवर घेऊन नुसताच बसलाय. गिरणीतला माणूस दिवसाउजेडी घरी दिसणं ही या वस्तीत नवी गोष्ट आहे.

जूनपर्यंत हे नव्हतं. उजाडलं की गिरणी सुरू, अंधारलं की बंद. विजेचे दिवे अजून यायचे आहेत, म्हणून निदान मावळतीची तरी मर्यादा होती. दाढीला उजेड लागतो आणि उजेड तेवढा सगळा गिरणीच्या वाट्याचा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अशा त्यातल्या मुख्य मागण्या होत्या. सहा वर्षं गेली. यंदा २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, त्यांत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या, आणि १० जूनला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. तुमच्यासमोरचा हा रविवार सहा महिन्यांचाही झालेला नाही. माणसं तो जपून वापरतात. झोपतात, न्हातात, आणि दाढी करून घेतात.

पिंपळाच्या पलीकडे गोणपाट अंथरून न्हावी बसलाय. साठीकडे झुकलेला, अंगात बंडी, डोक्याला लाल मुंडासं, कानाशी पांढरे कल्ले. पुढ्यात धोकटी उघडलेली. कातडी पिशवीच ती, पण तिचे कप्पे बघा: दोन वस्तरे, कातर, चिमटा, नखं काढायची नराणी, कान कोरायची काडी, काळा पडलेला निसणा, तुरटीचा खडा, पितळेची वाटी आणि हाताच्या पंजाएवढा आरसा. एवढ्या सामानावर एक घर चालतं. गावाकडे असता तर हा बलुतेदार असता. वर्षभर गावाच्या डोया करायच्या आणि सुगीला खळ्यावरून धान्य उचलायचं. मुंबईत खळं नाही, म्हणून हातावर पैसा.

तुमच्या आधी चौघे बसलेत. घाई करू नका. पाळी आली की तो स्वतःच बोलावतो.

“या पाव्हणं. बसा म्होरं.”

खुर्ची नाही. तुम्हाला त्याच्यासमोर उकिडवं बसायचंय, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. तोही उकिडवाच बसतो. आरसा तुमच्या हातात देतो. तो तुम्हीच धरायचा. पायांना रग लागेल, पण अशा बसण्यात एक सोय आहे. त्याचे डोळे आणि तुमची हनुवटी एका पातळीत येतात, आणि त्याच्या दोन्ही कोपरांना त्याच्याच गुडघ्यांचा आधार मिळतो. अधांतरी हात थरथरतो, टेकलेला थरथरत नाही.

वाटीतलं पाणी आधीच्या माणसाचं आहे. “म्हातारबा, पाणी नवं घ्या,” असं सांगा. तो जरा चकित होईल, पण घेईल. शेजारच्या खोलीत चूल पेटलेली आहे. तिथून तांब्याभर ऊन पाणी मागा आणि वस्तरा त्यात धरायला सांगा. जंतूंची गोष्ट त्याला समजावत बसू नका. तुम्हाला ठाऊक आहे की सहा वर्षांनी, १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीला, मांडवीत प्लेगचे पहिले रोगी सापडतील. त्याला ते ठाऊक नाही. या चाळीतल्या कुणालाच ठाऊक नाही.

साबण नाही. त्याची तुम्हाला चिंता वाटते, पण थांबा. दोन्ही तळवे पाण्यात बुडवून तो तुमचा चेहरा ओला करतो आणि अंगठ्यांनी गाल चोळायला लागतो. खालून वर, मग आडवं, मग कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत. पुन्हा पाणी. पुन्हा चोळणं. तुम्हाला वाटतं, झालं असेल. तो मान हलवतो.

“पानी मुरू द्या. कोरड्या खुटाशी वस्तरा भांडतो. भिजल्या खुटाशी बोलतो.”

सुखाच्या दाढीचं निम्मं काम इथेच होतं. केस पाणी पितो. पुरता भिजला की तो साधारण १५ टक्क्यांनी जाड होतो आणि कोरड्यापेक्षा खूपच कमी जोरात कापला जातो. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात आणि ती वाचवता येत नाहीत. आपण आज आरशासमोर फेस फासून लगेच पातं चालवतो आणि मग आग होते म्हणून पात्याला दोष देतो. दोष वेळेचा असतो. हा म्हातारा साबणाशिवाय, नुसत्या पाण्यावर आणि अंगठ्यावर दाढी करतो, आणि अशाच हातांबद्दल साहेब लोकांनी लिहून ठेवलंय की हिंदुस्थानातला न्हावी पलंगावर झोपलेल्या माणसाची दाढी त्याला जाग न आणता करून जातो.

पाणी मुरतंय तोवर त्याचे हात वस्तऱ्याकडे वळतात. आता नीट बघा, कारण हे बघायलाच आपण आलोय.

निसण्यावर तो पाण्याचे दोन थेंब टाकतो. वस्तरा उघडून पातं दगडावर सपाट ठेवतो, धार आणि पाठ दोन्ही टेकतील असं. हा पवित्रा महत्त्वाचा. वस्तऱ्याची पाठ जाड असते ती केवळ बळकटीसाठी नव्हे. पाठ दगडाला टेकलेली राहिली की धारेचा कोन आपोआप ठरतो आणि पिढ्यान् पिढ्या तोच राहतो. न्हाव्याला कोन मोजावा लागत नाही, तो लोहाराने पात्यातच घडवून ठेवलेला असतो. दगडावर पातं धारेच्या दिशेने पुढे जातं, टोकाकडून मुठीकडे तिरपं, मग पालटून परत. जोर जवळजवळ नाहीच. सायीवरून बोट फिरवावं इतका हलका हात. जोर दिला की धारेवर पोलादाची बारीक साल उभी राहते आणि तीच पुढे कातडीला ओरबाडते.

मग गुडघ्याखाली दाबून धरलेला चामड्याचा पट्टा. इथे दिशा उलटी होते: पाठ पुढे, धार मागे. धार पुढे घातली तर पट्टाच कापला जाईल. टोकाला पोचल्यावर तो पातं पाठीवरून पालटतो, धारेवरून कधीच नाही. चामड्याने पोलाद फारसं झिजत नाही. उघड्या डोळ्यांना न दिसणारी वाकलेली धार ते सरळ करतं. पट्ट्यानंतर स्वतःचा तळवा. शेवटी तो अंगठ्याचं नख ओलं करून धार त्यावर हलकेच टेकवतो आणि सरकवतो. दाते पडले असतील तर नखाला कळतं.

एवढं सगळं प्रत्येक गिऱ्हाइकामागे का करायचं? २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीत संशोधकांनी दाढीचं पातं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून याचं उत्तर पाहिलं. केस पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ, तरीही तो धारेचा टवका काढतो. केस वाकला, तिरपा आला आणि धारेच्या पोलादात त्या जागी कमीजास्तपणा असला, की तिथून कपची उडते. म्हणजे धार नुसती झिजत नाही, ती तुटत जाते. म्हातारबाने सूक्ष्मदर्शक पाहिलेला नाही. राठ दाढी झाली की दुसऱ्याच्या गालाला हात लावण्याआधी पट्टा, हे त्याला बापाने सांगितलंय.

दोन वस्तऱ्यांपैकी एक गावच्या लोहाराने केलेला, जाड, डोया करायचा. दुसरा बारीक पात्याचा, मुठीत मिटणारा, कुण्या साहेबाच्या खानसाम्याकडून घेतलेला. त्याच्या बुडाशी इंग्रजी अक्षरं कोरली आहेत. “काय लिवलंय त्यावर? आजवर कुनी वाचून दावलं न्हाई.” तुम्ही वाचता: शेफील्ड.

या एका शब्दावर थोडं थांबायला हवं. शेफील्डच्या पोलादाला नाव मिळालं ते बेंजामिन हंट्समन या घड्याळजीमुळे. घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी चांगलं पोलाद मिळेना, म्हणून १७४० च्या सुमाराला त्याने मातीच्या मुशीत पोलाद वितळवून एकजीव केलं. इंग्लंडला ही रीत नवी होती. दक्षिण हिंदुस्थानात, आजच्या तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूत, लोखंड आणि लाकूडफाटा बंद मुशीत घालून पोलादाच्या वड्या पाडण्याचं काम त्याआधी कित्येक शतकं चालू होतं. त्या पोलादाला युरोपात वुट्झ म्हणत. १७९४ साली याच मुंबईतून डॉ. हेलेनस स्कॉट याने त्या वड्या लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर निबंध वाचला गेला. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या शस्त्रकारागिराने त्यातली वडी घडवून पाहिली आणि तो या पोलादाच्या प्रेमातच पडला. त्याच स्टोडार्टने पुढे तरुण मायकेल फॅरडेला हाताशी धरून वुट्झचं मर्म शोधण्याचे प्रयोग केले. १८२० च्या आसपास दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिलं. त्यातून वस्तरे केले आणि मित्रांना भेट दिले. विजेचा फॅरडे आपल्याला ठाऊक असतो. वस्तऱ्यांचा फॅरडे शाळेत कुणी शिकवत नाही.

दक्षिणेतल्या पोलादाच्या वड्या मुंबई बंदरातून गेल्या, आणि शंभर वर्षांनी शेफील्डच्या शिक्क्याचं पोलाद याच बंदरात विकायला आलं. मधल्या काळात दक्षिणेतल्या मुशींच्या भट्ट्या एकेक करून विझल्या. म्हातारबाला यातलं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर एवढंच सांगा की हे पोलाद करायची विद्या आधी आपल्या मुलखातली.

“मान वर. आता बोलू नगा.”

डाव्या हाताचा अंगठा तुमच्या कानशिलावर टेकतो आणि कातडी वर ओढतो. सैल कातडीवर वस्तरा चालवणं म्हणजे अपघाताला बोलावणं. ताणलेली कातडी सपाट होते आणि केस उभा राहतो. पातं गालावर जवळजवळ निजलेलं आहे, पाठ कातडीपासून थोडीशीच उचललेली, तीस अंशांच्या आसपास. उभं धरलं तर खरवडेल, अगदी निजवलं तर केस ओढेल. पहिला हात सुलटा, केसाच्या ओघाने, कल्ल्यापासून खाली. आवाज ऐका. बारीक, कोरडा, सलग खर्र. तो आवाज तुटला की धार कमी पडली किंवा कोन चुकला, आणि म्हातारबा हात थांबवून पुन्हा पट्ट्याकडे वळतो. तो बघतो कमी, ऐकतो जास्त.

तुम्हाला काही जाणवत नाही. थंड पोलाद सरकल्याचं तेवढं कळतं. दर दोन ओढींनंतर तो पातं स्वतःच्या डाव्या मनगटावर पुसतो आणि तिथे तुमच्या तीन दिवसांची दाढी काळ्या चिखलासारखी साठत जाते.

जबड्याच्या कोपऱ्याशी हात सावकाश होतो. हनुवटीचे खुंट सगळ्यांत राठ, म्हणून तिथे आणखी पाणी, आणखी चोळणं. मग गळा. इथे तो वस्तरा बाजूला ठेवून आधी बोटं फिरवतो. गळ्यावरचे केस एका दिशेला वाढत नाहीत. कुणाचे खाली, कुणाचे आडवे, कुणाला घाटीच्या बाजूला भोवरा. डोळे मिटून तो तुमचा गळा वाचतो. “आवंढा गिळू नगा,” एवढंच म्हणतो, आणि तेवढ्यात घाटीवरून पातं निघून गेलेलं असतं. मानेच्या शिरेपासून एका बोटावर अनोळखी माणसाच्या हातात उघडं पोलाद आहे आणि तुमचे खांदे सैल पडलेले आहेत. हा विश्वास तुम्ही कधी दिलात, ते तुमच्याही लक्षात आलं नाही.

वरच्या ओठापाशी तो थांबतो.

“मिशी कोरायची न्हवं?”

तुम्ही सवयीने सांगता, सगळं साफ करा. वस्तरा खाली येतो. मागे बसलेली माणसं तुमच्याकडे बघतात. म्हातारबा आवाज उतरवून विचारतो, “वडील कवा गेले?” भानावर या. या मुलखात मिशी उतरते ती बाप गेल्यावर. मिशी राहू द्या, असं सांगा. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण निवळतो, आणि कातरीचं टोक लावून तो ती इतकी सारखी कोरून देतो की तुम्हालाच नवल वाटेल.

आता दुसरा हात. पुन्हा पाणी, पुन्हा पट्टा.

“उलटा देऊ का?” तो विचारतो आणि तुमच्या उत्तराची वाट न बघता गालावरून बोट फिरवतो. “गालाला देतो. गळ्याला न्हाई देनार.”

तुम्ही म्हणता, द्या की, गुळगुळीत होऊ दे.

“न्हाई. राठ केस हाय, वळतो. उलटा घेतला की कातडीच्या आत कापला जातो. मग आतल्या आत वाढतो, पुटकुळी येती, पिकती. आज तुमाला बरं वाटंल, चार दिसांनी मला शिव्या घालाल. न्हाई देनार.”

ज्यांना रोज दाढीनंतर गळ्यावर लाल पुरळ येतं त्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं. आजचा त्वचेचा डॉक्टरही यापेक्षा वेगळं सांगत नाही.

मागे बसलेल्यांतला एक जण बोलतो, “आबा यंदा न्हाई म्हनायला शिकलेत.” कुणी हसत नाही. म्हातारबाचा हात क्षणभर थबकतो, मग तुमच्या उजव्या गालावर उलटा चालू लागतो. खालून वर, आखूड, हलक्या ओढी. आणि तो बोलायला लागतो. दाढी करताना न्हाव्याने बोलायचं आणि गिऱ्हाइकाने गप्प बसायचं, हा शिरस्ता आज तुमच्या उपयोगी पडणार आहे.

“गिरगावात मला चार घरं व्हती. बामनाची. धन्याची दाढी-डोई, पोरांच्या शेंड्या, समदं म्याच. चांगली मानसं. दिवाळीला धोतर द्यायची. अन् मागल्या दारानंबी बोलवायची.”

गालावर ओढ. मनगटावर पुसणं.

“मागल्या दारानं म्हंजी सोवळ्या बाईसाठी. नवरा गेला की केस उतरवायचे. तेरा वर्साची पोर व्हती येक. केस कमरंपतुर. आई भिंतीकडं तोंड करून बसली. बाप म्हनला, आटप लवकर. आता तुमच्या गालाला मी किती येळ पानी मुरवलं? तिथं पानी मुरवायला कोन येळ देतो? कातरीनं येनी काढली, अन् कोरड्यावानी डोईवर वस्तरा. पोरीनं इचारलं, परत येतील न्हवं? म्हनलं, येतील. खोटं न्हवतं ते. येत व्हते. दर पंधरा दिसांनी म्याच जायाचा काढाया.”

तुमच्या हातातला आरसा खाली आलाय. तो तुमचं मनगट धरून पुन्हा वर करतो.

केशवपनाविरुद्ध लिहिणारे या वर्षी आहेत. आगरकरांचं ‘सुधारक’ दोन वर्षांपूर्वी सुरू झालंय आणि त्यांची लेखणी या रूढीवर तुटून पडते. पंडिता रमाबाईंनी गेल्या वर्षी मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करणार आहे. लेख, भाषणं, सभा सगळं चालू आहे. पण लेखाने वस्तरा थांबत नाही. ज्याच्या हातात तो आहे त्याने थांबवला तर थांबतो, आणि त्या हाताकडे जाऊन बोलण्याचं काम जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधकांनी केलं. लोखंडे त्यांतलेच, ‘दीनबंधु’चे संपादक.

“लोखंडेसायबांनी सभा घेतली यंदा. आमी शेकड्यानं न्हावी जमलो. बामन न्हाई, सायेब न्हाई, समदे धोकटीवाले. त्येंनी इचारलं, वस्तरा कुनाचा? आमी म्हनलो, आमचा. मंग हात कुनाचा? तवा कुनी बोललंच न्हाई. घरी जाऊन रातभर झोप न्हाई आली मला. ठरलं ते ठरलं. इधवेच्या डोईला वस्तरा लावायचा न्हाई.”

“मग ती चार घरं?”

“गेली. चारीबी. दिवाळीचं धोतर यंदा न्हाई आलं.” तो तुमच्या गालावरून उलट्या हाताने बोट फिरवतो, कुठे राहिलं का ते बघायला. “म्हनून हितं परळात बसतो. गिरनीवाल्यांना ऐतवार मिळाला, तवा मलाबी चार गिऱ्हाइकं मिळाली.”

आता या दोन गोष्टी तुमच्यासमोर एकत्र येतात. जूनमध्ये ज्यांनी रविवार मिळवला, त्याच माणसांच्या चळवळीने त्याच वर्षी वस्तरा खाली ठेवायला सांगितलं. एकाने दुसऱ्याचं पोट कसं सांभाळलं ते इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. ते या गोणपाटावर बसून ऐकायला हवं. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात इतकी नेमकी सामाजिक कृती दुसरी नाही. न्हाव्यांच्या या संपाची मागणी स्वतःसाठी नव्हती. झळ मात्र स्वतःलाच बसणार होती.

तुरटीचा खडा पाण्यात बुडवून तो तुमच्या गालावरून फिरवतो. थोडं चुरचुरतं. जिथे चुरचुरेल तिथे पातं जरा जास्त लागलं, असा तुरटीचा न्याय. गळ्यावर काही नाही. गालावर काही नाही. उजव्या जबड्याच्या कोपऱ्याशी मात्र एक टिंबाएवढी जागा चुरचुरते, आणि ती कुठल्या वाक्याच्या वेळी झाली ते तुम्हाला ठाऊक आहे.

“तात्या लई आजारी हाईत म्हन्त्यात पुन्याला,” धोकटी आवरता आवरता तो म्हणतो. तात्या म्हणजे जोतीराव. अडीच वर्षांपूर्वी याच मुंबईत, ११ मे १८८८ ला, मांडवीच्या कोळीवाड्यात सभा भरवून लोकांनी त्यांना महात्मा म्हटलं, तेव्हा हा गर्दीत उभा होता. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला, आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरं केलं. “बरं वाटंल न्हवं त्येंना?”

आज रविवार. येत्या शुक्रवारी, २८ तारखेला, जोतीराव जातील. तुम्हाला हे माहीत आहे. सांगू नका. त्याने दिलेली दाढी आणि गोष्ट घेऊन उठा, हातावर तांब्याचे पैसे ठेवा, आणि पाठीमागच्या माणसाला जागा द्या. त्याला आजवर न मिळालेले रविवार भरून काढायचे आहेत.

परतीची वाट लवकर सरते. १९०३ साली जिलेट कंपनी तिचे पहिले वस्तरे विकायला काढते आणि वर्षभरात अवघे ५१ खपतात. पुढच्या वर्षी नव्वद हजारांच्या वर, आणि पहिल्या महायुद्धात तर ते शिपायाच्या सामानातच जाऊन बसतात. हळूहळू दाढी घरच्या मोरीत येते आणि न्हाव्याचा रोजचा हात सुटतो. १९९० च्या दशकात एड्सची भीती पसरली तसे निसणा आणि पट्टाही सलूनमधून उठले. वस्तऱ्यात आता अर्धं पातं घालतात, दर गिऱ्हाइकाला नवं. ते चांगलंच झालं. धार विकत मिळायला लागली. पाणी मुरवणं, कातडी ताणणं, ओघ वाचणं आणि गळ्याला उलटा हात नाकारणं मात्र विकत मिळत नाही. ते अजूनही हातातच आहे. सलूनमध्ये बसलात तर ऊन पाण्याचा टॉवेल दोन मिनिटं जास्त ठेवायला सांगा. घरी करत असाल तर अंघोळीनंतर करा, जोर देऊ नका, आणि पहिला हात सुलटाच घ्या.

लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले. १० मार्चला सावित्रीबाई गेल्या, त्याच प्लेगने. केशवपन १८९० साली थांबलं नाही, पुढेही कित्येक वर्षं चालू राहिलं. घरं दुसरा न्हावी शोधत राहिली. ज्या शेकडो न्हाव्यांनी त्या वर्षी गिऱ्हाइकं सोडली, त्यांची नावं आपल्या शाळेच्या पुस्तकांत नाहीत. तुमच्या गावात, ओळखीत, नात्यात या धंद्यातलं जुनं घर असेल, तर त्यांच्या आज्या-पणज्यांपैकी कोण मुंबईला होतं, कुठे बसत होतं, त्या वर्षाबद्दल घरात काय सांगतात, हे विचारा आणि नावासकट लिहून ठेवा. सांगणारी माणसं आता थकली आहेत. येत्या सुटीतच जा.